‘जा’ या शब्दाचा धनी

प्रयोग सुरू असताना त्या नाट्यगृहात ‘जा’ हा शब्द एकाच माणसाच्या मालकीचा असे. तिसरी घंटा वाजली की इतर कुणी तो तोंडातून काढायचा नाही, असा दंडक होता. पाणी प्यायला जाणारा ‘मी जरा सरकतो’ म्हणे. नटाला प्रवेशासाठी पुढे काढायचे असेल तर ‘हो पुढे’ म्हणत. कपडेपटातल्या बाई कितीही संतापल्या तरी ‘नीघ इथून’वर थांबत. कारण कानाला हेडफोन लावून बसलेल्या तिघाचौघांच्या लेखी तो शब्द नव्हताच; ती कळ होती. विंगेच्या कोपऱ्यात उंच स्टुलावर बसलेला माणूस आधी ‘तयार’ म्हणे, मग वाट पाही, आणि मग ‘जा’ म्हणे. त्यासरशी कुठे दिवा विझे, कुठे पडदा सरके, कुठे दूरवर आगगाडी शीळ घाली.

त्या माणसाला सगळे कोपरेकर म्हणत. हे काही त्याचे आडनाव नव्हे. त्याच कोपऱ्यात बसून बसून ते त्याला चिकटले होते, आणि एव्हाना इतके मुरले होते की एका कार्यक्रमपत्रिकेवर तसेच छापून आले तेव्हा त्याने दुरुस्तही करवून घेतले नाही. प्रेक्षकांनी त्याला कधी पाहिले नव्हते. त्याचे सारे आयुष्य उजेडाच्या काठावर गेले होते. इतके जवळ की समोरच्या नटाच्या कपाळावरचा घाम दिसावा, आणि तरी एक पाऊल अलीकडे. ते पाऊल पुढे टाकावे असे त्याला कधी वाटले नाही. काही माणसांना अंधार मानवतो. त्याला मानवला होता.

घरी हा शब्द त्याने एका व्यक्तीशी वाटून घेतला होता. त्याची मुलगी नुकती दुसरीत गेली होती आणि एका जागी उभे राहायचे म्हणजे तिला शिक्षाच वाटे, म्हणून तिला भिंगरी म्हणत. सकाळी शाळेला निघताना ती दाराशी ताठ उभी राही.

“दप्तर?” तो विचारी.

“तयार!”

“बूट?”

“तयार!”

मग तो मुद्दामच थांबे. ती पायांच्या बोटांवर उभी राहून थरथरे. खाली शाळेच्या गाडीचा भोंगा वाजे, आणि तो हळूच म्हणे, “जा.” की ती सुटलीच, तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत जिना धडधडत राही.

त्याच्या आईला हे मुळीच पसंत नव्हते. “घरातून निघणाऱ्याला ‘जा’ म्हणू नये रे. ‘ये’ म्हणावं. एवढंही शिकवलं नाही का मी तुला?”

“आई, ‘ये’ म्हटलं तर ती उंबऱ्यावरूनच परत येईल.”

“येऊ दे की! घरातच येईल ना? का दुसरीकडे कुठे?” असे म्हणून आई दुखरे गुडघे चोळीत बसे, आणि दोघांचा हा रोजचा वाद रोज त्याच जागी संपे.

फेलोशिपचे खूळ मोठ्या बाईंनी काढले. मोठ्या बाई म्हणजे नाट्यगृहाच्या संचालक. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या, आणि आपल्या खुर्चीवर कोपरेकर बसावा असे त्यांच्या मनात होते. कलासंस्थांत काम करणाऱ्यांसाठी एक वर्षाची नेतृत्व फेलोशिप निघाली होती. दर महिन्याला शनिवार-रविवार दुसऱ्या शहरात राहून चर्चा, मधल्या दिवसांत संगणकाच्या पडद्यावरून बैठका, शिवाय वाचन आणि लेखन.

“पण बाई, मला कुठे नेतृत्व जमतंय?” तो म्हणाला होता.

“रोज संध्याकाळी वीस माणसं तुझ्या एका शब्दावर उठतात-बसतात. ते काय असतं मग?”

“तो क्यू असतो, नुसती खूण.”

“तेच तिथं जाऊन सांग. समितीला नुसता कोपरा दाखवून मी तुझी निवड करवून घेऊ शकत नाही.”

निवड झाल्याची बातमी आली तेव्हा ध्वनी सांभाळणाऱ्या भोंग्याने पुठ्ठ्याचा हार करून त्याच्या गळ्यात घातला. आई म्हणाली, “नेतृत्व? म्हणजे निवडणुकीला उभा राहतोस की काय? आपल्या घराण्यात कुणी मोठ्यानं बोललंसुद्धा नाही.” त्याची बायको रुग्णालयात परिचारिका होती. तिने पत्र दोनदा वाचले आणि परत घडी करून दिले.

“कर. माझी ना नाही. पण वेळ काही झाडाला लागत नाही. कुणाचा कापणार आहेस, तेवढं आधी सांग.”

“कुणाचाच नाही,” तो म्हणाला. हे उत्तर त्याने अगदी मनापासून दिले होते, आणि नेमके तेच चुकीचे होते.

फेलोशिपमध्ये त्याच्याबरोबर ग्रंथालयातली एक बाई होती, बाहुल्यांचे खेळ करणारे एक जोडपे होते, एका संग्रहालयात जुन्या कापडांची निगा राखणारा गृहस्थ होता. सगळे आपापल्या संस्थेतले कोपरेकरच. पहिल्या दिवशी बाहुलीवाला म्हणाला, “आमचं सगळं आयुष्य टेबलाखाली गेलं. आता एकदम वर यायचं म्हणजे डोकंच आपटणार.” कोपरेकर कितीतरी दिवसांत मोकळेपणाने हसला. त्याला तिथे आवडू लागले होते. हे त्याने घरी फारसे सांगितले नाही. आपण नसताना ज्यांनी घर ओढले, त्यांना ‘तिथे छान वाटले’ असे कोणत्या तोंडाने सांगावे?

त्यांच्या मार्गदर्शक बाई पूर्वी एक संग्रहालय चालवीत. बोलणे मोजके, आणि प्रश्न विचारून झाला की गप्प बसण्याची वाईट खोड. त्यांनी प्रत्येकाला एकच काम दिले होते. “जे तुमच्यावाचून अडेलच असं तुम्हाला वाटतं, ते एक काम निवडा. शेवटच्या भेटीआधी ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. मग त्याबद्दल इथं येऊन बोला.” शेवटच्या भेटीला जो येणार नाही, त्याची फेलोशिप अपुरी राहणार होती.

त्याने काय निवडावे याबद्दल शंकाच नव्हती. एक तरी प्रयोग दुसऱ्या कुणी ‘बोलायचा’. नाटकाला क्यू देणे याला त्यांच्यात प्रयोग बोलणे म्हणत. पुढच्या प्रयोगाला देऊ, असे तो दर वेळी ठरवी. पुढचा प्रयोग आला की नेमकी राजेंना सर्दी झालेली असे, किंवा पडदा अडकत असे, किंवा प्रेक्षागृह भरलेले असे, आणि मग त्याच्याशिवाय कसे चालणार? शेवटची भेट जवळ येत होती. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी त्याची गत झाली होती. सकाळी डबे, दुपारी सामानाच्या खोलीत लाकडी तलवारींच्या शेजारी बसून बैठक, संध्याकाळी प्रयोग, आणि महिन्याकाठी पाठीला पिशवी. बायकोच्या पाळ्या आणि त्याच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एकमेकांवर इतक्या खोडल्या गेल्या होत्या की आई म्हणे, “या महिन्यात कुणी आजारी पडायचं असेल तर आत्ताच विचारून घ्या.”

त्या रविवारी सगळेच एकदम फिसकटले. भेटीहून परत येताना गाडीचे चाक पंक्चर झाले. आई मोठ्या लेकीकडे गेलेली. आणि वाटेतच बायकोचा निरोप आला : बदलीची बाई आलेली नाही, मला थांबावं लागतंय, भिंगरी शेजारच्या काकूंकडे आहे, पण त्यांना लग्नाला जायचंय. तो पिशवीसकट काकूंच्या दाराशी गेला, मुलीचा हात धरला, आणि तिला तडक नाट्यगृहात घेऊन आला. ते विंगेत पोचले तेव्हा पहिली घंटा झाली होती.

भिंगरीला त्याने आपल्या स्टुलाशेजारी उलट्या खोक्यावर बसवले. “बोलायचं नाही हं.” तिने स्वतःच ओठांवर बोट ठेवले आणि पहिला सबंध अंक ते तिथून काढले नाही.

नाटक एका म्हाताऱ्या घड्याळजीचे होते. दुकानात घड्याळे दुरुस्त करता करता तो आपल्या बायकोचा शेवटचा दिवस आठवीत असतो. काम राजे करीत. तरुणपणी त्यांनी इतके राजे रंगवले होते की आता म्हाताऱ्यांची कामे करू लागले तरी त्यांचे नाव आणि राग दोन्ही राजाचेच राहिले होते. पहिल्या अंकाच्या शेवटी त्यांचे एक लांबलचक स्वगत होते. ते संपताना म्हातारा हातातले घड्याळ खाली ठेवतो आणि म्हणतो, “आणि निघताना ती मला म्हणाली, येते.” एवढेच. त्यावर संपूर्ण अंधार, आणि मध्यंतर. लोक त्या ‘येते’वर रडत. ती परत आलेली नाही, हे नाटकात कुणी एका शब्दाने सांगत नाही, अंधार सांगतो.

“अंधार, पडदा, तयार,” कोपरेकर माईकमध्ये म्हणाला. हेडफोनमध्ये दिवे सांभाळणाऱ्या दिवेताईंनी हुंकार दिला. ‘तयार’ आणि ‘जा’ यांच्यामध्ये तो माईक कधी बंद करीत नसे. त्या दोन शब्दांमधली शांतता त्याची स्वतःची होती. सबंध दिवसात एवढीच जागा त्याची अशी होती, असेही म्हणता आले असते. गाडीतल्या प्रवासाने डोळे चुरचुरत होते. राजेंनी घड्याळ खाली ठेवले.

डाव्या बाहीला कुणीतरी ओढले. एक अगदी बारीक, अत्यंत सभ्य, फार वेळ दाबून धरलेला आवाज म्हणाला, “बाबा, जाऊ?”

“जा,” तो म्हणाला.

राजे म्हणत होते, “आणि निघताना ती मला—”

अंधार झाला. पडदा आला. ‘येते’ हा शब्द ‘जा’खाली सापडला आणि तिथेच संपला. पडद्यापलीकडे क्षणभर काही नव्हते. मग टाळ्या आल्या, थोड्या बुचकळ्यात पडलेल्या, आणि लोक उठून चहाकडे चालू लागले.

पडद्याच्या अलीकडे राजे अंधारातच ओरडले, “दिवे! अरे दिवे!” आणि दिवे आल्यावर ते घड्याळजीच्या पांढऱ्या मिशांसकट कोपऱ्याशी आले. “सबंध नाटकात तुला संवाद किती रे? एक! एक शब्द! तोही पाठ होत नाही? आमची पानंच्या पानं आम्ही ओकतो, आणि तू एवढ्या मोठ्या फेलोशिपवरून येऊन दोन अक्षरं—दोन नव्हे, एक! एक अक्षर!”

“चुकलं माझं, राजे.”

“कुणाला ‘जा’ म्हणालास? माझ्या बायकोला? ती जाणारच होती! तिला बोलू तरी द्यायचंस!”

हेडफोनमध्ये भोंगा फसकन हसला, आणि मग हसला नाही असे भासवण्यासाठी खोकला. कोपरेकरची नजर राजेंच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या अरुंद बोळाच्या तोंडाशी भिंगरी उभी होती. तिने पुन्हा ओठांवर बोट ठेवले होते.

नाट्यगृह काही कोसळले नाही. दुसऱ्या दिवशी एका प्रेक्षकाने तिकीट खिडकीवर फोन करून सांगितले की ते अर्धवट राहिलेले वाक्य त्याला फार भिडले. राजे यावर आणखीच बिघडले : “म्हणजे मी बोललोच नसतो तर त्यांना आणखी आवडलं असतं!” मोठ्या बाई म्हणाल्या, होते असे. पण होते असे म्हणजे कुणाकडे? त्याच्याकडे कधी झाले नव्हते.

घरी मात्र काय बदलले, ते त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. सकाळी तो “दप्तर?” म्हणेपर्यंत भिंगरी दाराबाहेर पडलेली असे. पहिल्या दिवशी वाटले, उशीर झाला असेल. मग रोजच उशीर होऊ लागला. जिन्यातली धडधडही थांबली. ती कठड्याला धरून, एकेक पायरी, आवाज न करता उतरे. विचारले तर “काही नाही” म्हणे.

शोध आईला लागला. “ही पोरगी ‘जा’ म्हणत नाही आजकाल,” ती भाजी निवडताना म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे तो शब्दच नाही तिच्या तोंडी. ‘मला शाळेत जायचंय’ म्हणत नाही, ‘मला शाळा आहे’ म्हणते. ‘झोपायला जाते’ म्हणत नाही, ‘मी झोपणार’ म्हणते. काल वीज गेली. मी म्हटलं, गेली गं बाई वीज. तर ही म्हणते, आजी, वीज नाहीये. बरोबर आहे म्हणा, नव्हतीच.” आईने देठ मोडला. “मला आधी गंमत वाटली. मग नाही वाटली.”

तिसऱ्या घंटेनंतरचा दंडक मुलीने घरात लावून घेतला होता. तिच्यापुरता प्रयोग अजून संपलेला नव्हता. आपण तो शब्द पुन्हा उच्चारला तर कुठेतरी, कुणावर तरी, अंधार पडेल, म्हणून ती सावध चालत होती.

त्याने रीतीप्रमाणे तिला समजावून पाहिले. “अगं, तुझं काही चुकलं नाही.” तिने मान हलवली. मुले अशी मान हलवतात तेव्हा त्यांनी ऐकलेले नसते, फक्त सोडवणूक करून घेतलेली असते.

रात्रपाळी करून आलेली बायको सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालीत होती. तो चिमटे पुढे करीत उभा राहिला.

“मी कळवून टाकतो त्यांना. पुरे झालं ते नेतृत्व.”

“का?”

“का काय? बघतेस ना. धड इथं नाही, धड तिथं नाही. प्रयोग पडला—”

“प्रयोग पडला नाही. लोकांना चहा लवकर मिळाला.”

“आजवर भेटीच्या शनिवारी प्रयोग नसायचा, या शेवटच्या भेटीला आहे. मी तिकडे जाणार, म्हणजे पुन्हा काहीतरी होणार. भिंगरी बोलत नाही.”

“बोलते. तुझ्याशी बोलत नाही.”

“म्हणूनच सोडतो म्हणतोय.”

तिने ओली चादर झटकली. त्याच्या तोंडावर तुषार उडाले. ते चुकून उडाले की कसे, हे त्याला कळले नाही.

“सोड. पण मग बाबा आता दर महिन्याला का जात नाहीत, हे तिला काय कळेल? मी एकदा मधेच बोलले, म्हणून. हेच ना?”

“मी असं कधी म्हणेन का तिला?”

“तू नाही म्हणणार. ती आपली आपण मांडेल. मुलांची अशी गणितं फार पक्की होतात. उत्तर चुकलेलं असलं तरी पक्की.” तिने चिमट्यासाठी हात पुढे केला. “आणि माझंही ऐकून ठेव. वर्षभर मी पाळ्या उलट्यापालट्या केल्या, त्या तू शेवटच्या पायरीवरून माघारी यावंस म्हणून नाही. मला तुझ्यावर रागवायचंय, नीट, वेळ काढून रागवायचंय. पण ते तू पुरं करून आल्यावर. आत्ता मला झोप येतीये.”

ती आत गेली. तो उरलेले चिमटे दोरीला लावीत राहिला. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीतून पाणी ओसंडून भिंतीवर ओघळत होते आणि ते बंद करायला कुणी येत नव्हते. चूक त्याची होती; पण ती चूक आता मुलीच्या दप्तरात बसून रोज शाळेत जात होती. फेलोशिप सोडली तर ती तिथेच कायमची मुक्कामाला राहिली असती.

त्या दुपारी तो प्रेक्षागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत गेला. दिवेताई बोर्डावरची धूळ पुसत होत्या.

“ताई, शनिवारचा प्रयोग तुम्ही बोला. त्याआधी गुरुवारचाही. मी समोर बसतो.”

“मी? मीच दिवा विझवणार आणि मीच मला ‘जा’ म्हणणार? लोक वेडी म्हणतील मला.”

“म्हणायचं, ताई. न म्हणता कळीवर हात टाकला तर तो लवकर पडतो.”

“हे तू मला शिकवतोस? परवा कुणाचं तोंड लवकर पडलं?”

झोंबले, पण खरे होते, आणि खरे असल्यामुळे त्याला हसूही आले. दिवेताईही हसल्या. “बरं. पण एक सांगते. तुझ्यासारखं नाही जमणार मला. माझं मी म्हणेन.”

“तेच,” तो म्हणाला, आणि आपण हे म्हणालो याचे त्याला जरा नवल वाटले.

गुरुवारी त्याने भिंगरीला शाळेतून परस्पर आणले. दाराशीच राजे भेटले. कोपरेकर आज समोर बसणार हे कळल्यापासून ते अस्वस्थ होते. “म्हणजे मला आज तुझ्यापुढं काम करायचं? इतकी वर्षं आडोशाला बरा होतास.” मग त्यांनी वाकून भिंगरीकडे पाहिले आणि आपल्या परीने लाडाने म्हणाले, “काय बाईसाहेब, आज आमचं वाक्य पूर्ण होऊ द्याल ना?”

राजेंनी थट्टाच केली होती. पण भिंगरीचा हात त्याच्या हातात एकदम लहान झाला.

ते शेवटच्या रांगेत बसले. कोपरेकरने हे नाटक इतक्या वेळा ऐकले होते, पण पाहिले कधीच नव्हते. समोरून ते निराळेच होते. दुकानाच्या खिडकीतून पडणारा संध्याकाळचा उजेड, ज्याला तो नुसते एका आकड्याने ओळखत असे, तो खरोखर संध्याकाळसारखा होता. त्याने विंगेच्या कोपऱ्याकडे पाहिले. तिथे काही नव्हते. नुसता काळोख. आपण तिथे असतो तेव्हाही इथून असेच दिसत असणार, हे त्याला ठाऊक होते. तरी पाहताना आत काहीतरी हलले.

स्वगत सुरू झाले. भिंगरीने खुर्चीचे हात धरले. राजेंनी घड्याळ खाली ठेवले.

“आणि निघताना ती मला म्हणाली, येते.”

जा, कोपरेकरचे ओठ म्हणाले.

दिवे विझले नाहीत. एक संपूर्ण श्वासभर राजे त्या उजेडात उभे राहिले, हात रिकामे, आणि तो शब्द हवेत तसाच लोंबकळत राहिला. मग अंधार झाला. आधी काही नाही, आणि मग कुणीतरी, बहुधा मधल्या रांगेतून, नाक ओढले.

त्याने स्वतः इतका वेळ कधीच दिला नसता. आणि हे वाईट नव्हते. त्याला ते मान्य करायला त्या अंधाराएवढाच वेळ लागला.

“बाबा,” काळोखात कुजबुज आली, “म्हटलं का?”

“काय?”

“ते.”

“हो. दिवेताईंनी म्हटलं.”

“मला ऐकू नाही आलं.”

“मलाही नाही आलं.”

वरचे दिवे लागले. लोक उठू लागले. भिंगरी आपल्या गुडघ्यांकडे पाहत होती.

“त्या दिवशी मी म्हटलं,” ती म्हणाली.

“नाही. तू ‘जाऊ’ विचारलंस. विचारायचंच असतं. ‘जा’ मी म्हटलं. माईक माझ्या तोंडाशी होता, तुझ्या नाही.”

“पण मी विचारलंच नसतं तर?”

त्याने लगेच ‘तरीही’ असे काहीतरी म्हणायला तोंड उघडले, आणि मिटले. खोटे तिला तिथल्या तिथे कळले असते.

“तर माझं चुकलं नसतं,” तो म्हणाला. “पण तुझी चड्डी ओली झाली असती. आणि ती फार मोठी पंचाईत. खोकं नाटकातलं होतं, दुसऱ्या अंकात त्यावर राजे बसतात.”

तिने त्याच्याकडे पाहिले. हसायचे नाही असे तिने ठरवलेले दिसत होते. पण खोक्यावर बसणारे राजे तिच्या डोळ्यांपुढे आले असावेत. हसू आधी नाकातून आले, मग सगळीकडून.

“मग ते ओरडले का?”

“त्यांचं वाक्य राहिलं म्हणून. आणि मला ओरडले. ते माझं ओरडणं होतं, तू उगाच घरी घेऊन आलीस.”

रांग रिकामी झाली. मग भिंगरी खुर्चीत चुळबुळली.

“बाबा.”

“काय?”

“मला लागलीये.”

“बरं. मग?”

ती थांबली. तोही थांबला. वाट पाहणे हे एवढे एकच काम त्याला उत्तम येत होते.

“जाऊ?” ती म्हणाली.

“जा.”

ती उठली, पण धावली नाही. तिने आधी मान वर करून छताकडे पाहिले. एकेक दिवा नीट पाहिला. सगळे जळत होते. मग ती खुर्च्यांच्या मधल्या वाटेने अशी सुटली की चहाचा पेला घेऊन परतणारे एक गृहस्थ गर्रकन वळून भिंतीला टेकले.

शनिवारी सकाळी पिशवी घेऊन दाराशी तो उभा होता. बायको कामावर निघून गेली होती, जाण्याआधी तिने त्याच्या खिशात रुमाल कोंबला आणि म्हणाली, “रागवायचं उद्या संध्याकाळी ठरलंय, लक्षात आहे ना?” आई खुर्चीवरून उठण्याच्या तयारीत होती. भिंगरी शाळा नसल्यामुळे झोपायच्या कपड्यांतच होती. ती पाय फाकून, कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“पिशवी?”

त्याला कळायला क्षण गेला. “तयार.”

“बूट?”

“तयार.”

“भाषण?”

“ते तेवढं नाही तयार.”

तिने जरा विचार केला. “गाडीत कर,” ती म्हणाली, आणि मग गप्प झाली. ती ऐकत होती. खालच्या वळणावर बसचा आवाज यायचा होता. तो पायांच्या बोटांवर उभा आहे, हे त्याचे त्यालाच जाणवले. जिन्यात कुणीतरी खाकरत वर चढत होते, स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, आणि त्याची मुलगी एका पायावरून दुसऱ्या पायावर न होता, अगदी निश्चल, योग्य क्षणाची वाट पाहत होती. वळणावर बस घरघरली.

“जा,” ती म्हणाली.

“अगं, ‘ये’ म्हणावं!” आई मागून ओरडली.

“आजी, ‘ये’ उद्या आहे. आत्ता म्हटलं तर बाबा जिन्यातूनच परत येतील.”

तो धडधडत उतरला. दुसऱ्या मजल्यावर त्याला आठवले की डबा बुटांच्या कपाटावरच राहिला. तो थांबला, कठड्यावर हात ठेवून त्याने वर पाहिले. दार अजून उघडे होते. उजेडाची एक पट्टी पायऱ्यांवर उतरली होती. पण ‘जा’ म्हटल्यावर माघारी फिरायचे नसते, हे त्यानेच तिला शिकवले होते. तो उपाशीच बसमध्ये चढला.